विजेचं गोदाम

— न्हाई, भाऊ, गाडी बंदच राहू द्या. आणि मोबाइल खिशात ठेवा. माहीत आहे, मीच बोलावलं तुम्हाला. कुंभार पिंपळगावच्या बाजारात एवढं बोलले मी, की आमचा हायड्रोजनचा प्लांट पाहून जा, मंग तुमच्या गावात ठराव घ्या — आणि आता तुम्ही सरपंच एवढ्या उन्हाचं आले, तर मी फाटकातच अडवून राह्यले. काही न्हाई, थोडी साफसफाई चालू आहे. या, इकडं लिंबाच्या सावलीला उभे राहा. फोटो नंतर काढू. शेड कुठं पळून चालली.

ते पत्र्यावरचे? ते आमचे वॉचमन, मच्छिंद्रराव. बांबूनं पोती काढून राह्यलेत. आढ्याला लांबच्या लांब फट आहे ना, त्यात कुणी पोती कोंबली. लोखंडाची सळई नका नेऊ म्हणलं मी, ठिणगी — म्हणजे, बांबू हलका पडतो हाताला. तुमच्या ध्यानात आलंच असंल. हो. गॅस साचलाय आत.

थांबा, सगळं सांगते, न्हाईतर तुम्ही गावात जाऊन भलतंच सांगाल. दिवसा ऊन लई, वीज लई, घ्यायला कुणी न्हाई — बराबर? आणि दिवेलागणीला दवाखान्याला वीज पाह्यजे, नळाच्या मोटारीला पाह्यजे, तर तव्हा सूर्य न्हाई. मंग दिवसाच्या विजेनं पाणी फोडायचं, त्यातला हायड्रोजन टाकीत भरून ठेवायचा, आणि संध्याकाळी त्याचीच परत वीज करायची. धूर न्हाई, राख न्हाई. मी गावोगाव सांगायचे, हे विजेचं गोदाम आहे. टाळ्या पडायच्या या वाक्याला. तर आज सकाळी एका नळीच्या जोडातून गॅस झिरपला. झिरपतो कधी, लई बारीक असतो तो. म्हणून तर आढ्याला फट ठेवतात — स्वयंपाकाच्या गॅससारखा खाली बसत न्हाई हा, हवेपेक्षा हलका, सरळ वर जातो, फटीतून निघून जातो, विषय संपला. फक्त फट उघडी पाह्यजे.

का कोंबली? अहो, ह्या मच्छिंद्ररावांनीच कोंबली, नवीन जालन्यात बियाण्याच्या गोदामावर जिंदगी गेली त्यांची. तिथं फट दिसली की बुजवायची, मालकानं सांगायची वाट न्हाई बघायची. फटीतून ओल येते, उंदीर येतो, आणि मंग बियाणं उगवत न्हाई, शेतकरी दारात येऊन उभा राहतो. त्यांच्या हातचं पोतं कधी वापस आलं न्हाई. आणि मी आपलं जेवताना कौतुकानं सांगितलं की बाबा, हे बी गोदामच आहे, फक्त विजेचं —

हो. बाप आहे माझा. वॉचमन बी आहे आणि बाप बी आहे.

विचारलं होतं त्यांनी, वरच्या फटीतून काय जातं म्हणून. म्हणलं, सांडलेला गॅस जातो. मी उभ्याउभ्याच बोलले, मला कायम कुठंतरी जायचं असतं, आई म्हणते ही पोरगी चप्पल फाटकाबाहेर जाऊन घालते. तर त्यांनी मनात काय धरलं, की आपल्या पोरीची वीज वरून सांडून राह्यली आणि ती साधी भोळी, तिला कळत न्हाई. चढले आणि प्लॅस्टिकच्या अस्तराची पोती कोंबून आले, चांगली ठासून. मला सांगितलं बी न्हाई. चांगलं काम सांगत बसायचं नसतं त्यांच्यात.

अलार्म वाजला तसं मी इथलं हे लाल बटण दाबलं. मशीन थांबलं, टाक्या बंद झाल्या, नवीन गॅस येत न्हाई, ते बिलकुल पक्कं. पण जो साचला तो साचला. पंखा लावावा तर पंख्याच्या बटणाची ठिणगी. कंपनीच्या सुमित सरांना फोन केला, ते म्हणे कुणी जवळ जाऊ नका, आमची माणसं संभाजीनगरहून निघालीत. बराबर आहे त्यांचं. मी बी तेच सांगितलं असतं. बाबांना तेच सांगितलं. तर यांनी शिडी खांद्यावर घेतली. म्हणले, "मी कोंबलं, मीच काढणार. दुसऱ्याचं लेकरू कशाला चढवू?"

हात धरायला पाह्यजे होता मी. पण रस्ता चालू होता, भाऊ — उसाची ट्रॅक्टरं, शाळेची गाडी. एका माणसानं फाटकावर थांबायचं, काही झालं तरी हलायचं न्हाई, हा नियम मीच लिहून चिकटवलाय. मंग थांबले.

तुम्हाला काही दिसून राह्यलं का तिकडं? मला बी न्हाई. त्याचंच भेव आहे. याला वास न्हाई, रंग न्हाई, आणि पेटला तरी भर उन्हात जाळ दिसत न्हाई. परीक्षेत लिहिलं होतं मी हे, मार्क बी पडले. आता पत्र्यावरची हवा थरथरून राह्यली ना, ती — उन्हानंच असंल. पत्रा तापला की थरथरते हवा. थरथरते ना? तुम्ही बोलू नका काही. मी घाबरले म्हणून हे काम खोटं ठरत न्हाई, एवढं ध्यानात ठेवा. डिझेल जाळत बसायचं का मंग लोकांनी, अजून किती — जाऊ द्या.

निघालं. एक निघालं, पाहा. आता तिथूनच गॅस निघणार, त्यांच्या तोंडासमोरून. बाजूला व्हा ना, बाबा, वाऱ्याच्या ह्या अंगाला — त्यांना कुठं ऐकू येतंय. दुसरं पोतं पार त्या टोकाला आहे. उतरून राह्यलेत. शिडी सरकवणार. एकट्यानं न्हाई चढायचं तिथं, खाली माती भुसभुशीत आहे, कुणीतरी बुडाशी पाय देऊन उभं राहायला पाह्यजे.

इकडं पाह्यलं त्यांनी. पाह्यलं ना? हाक न्हाई मारली. मान फिरवली, शिडी ओढत नेली आणि एकटेच चढायला लागले.

तुम्ही? न्हाई, न्हाई, तुम्ही पाहुणे. तुम्ही फाटकावर थांबा, माझ्या जागी. ट्रॅक्टर आलं तर आडवे व्हा, शिव्या देतील, देऊ द्या. ठरावाचं काय करायचं ते मला आता विचारू नका. मी आल्यावर विचारा. मी शिडी धरायला चालले. मागून हाक मारू नका, त्यांचा पाय पहिल्याच पायरीवर हलून राह्यलाय — चुप. एकदम चुप.