दादानं निवडलेला सबवूफर

काय सांगू तुम्हाला, माझं नाव सिधा, पर आता केस पांढरं झाल्यात म्हणून जीपच्या थांब्यावरची समदी सिधूमामा म्हणत्यात, तसंच लिवा. आमी आटपाडीच्या उगवतीकडच्या एका वाडीतलं धनगर. माझा जलम नक्की कुठं झाला ते आईलाबी धड सांगता यायचं न्हाई, कारण तवा मेंढरं घिऊन आमची माणसं सातारच्या बाजूला उतरलेली, आन् मी कऱ्हाडाच्या अलीकडं झालो का पलीकडं ह्यावर आई आन् बा मरस्तवर भांडत हुती. आमच्या माळावर दिवाळी झाली की गवात संपायचं, मग खाली जायचं, बागायतदाराच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखत त्येचं आन् ज्वारी आमची, आसा येव्हार. शाळा म्हणाल तर जिथं तळ पडंल तिथली दोन दिवसाची, म्हणून मला वाचाय येतं पर सुरवात कुठली आन् शेवट कुठला ते कळत न्हाई.

बा लवकर वारला. मी सात-आठ वर्सांचा आसंन. माझा थोरला भाऊ बिरू, त्येला समदी बिरूदा म्हणत्यात, मी दादा म्हणतो, माझ्याहून बारा वर्सांनी थोरला, त्येनं मला वाढवलं. घोड्यावर बोचकी, बोचक्यावर मी आन् दादाच्या गळ्यात ढोल. बिरोबाच्या जत्रंला आमचा गजी असतो, म्हंजी मधी ढोल आन् भवतीनं माणसं रुमाल उडवत नाचत्यात, तर त्यात दादाचा ढोल लागला की दुसऱ्या वाड्यांतली ढोलवाली गडी आपला ढोल भुईवर ठिवून ऐकत बसायची. खोटं न्हाई सांगत. उजव्या हातात काठी, डाव्या हाताची थाप, आन् ती डावी थाप आशी की छातीत कोणतरी दार वाजवतंय. म्होरं म्या मेंढरं सोडून वडाप धरलं, शिटा भरून जीप हाकायची, आटपाडी ते इटा, कवातरी सांगलीपातूर, तरी जत्रंचे पाच दिवस जीप दारात उभी, मग कुणाचं लगीन असू दे न्हाईतर मयत.

तर दादाचं कान गेलं. एकदम न्हाई गेलं. आधी म्हणायचा मोठ्यानं बोला, मग म्हणायचा तुमी समदी माझ्या माघारी कुजबुजताय का, मग काईच म्हणंना. सांगलीला डाक्टरला दाखवलं, त्यो म्हणला शीर वाळली, आता यंत्र लावून बघा. यंत्र लावलं तर दादा म्हणला पत्र्यावर गारा पडल्यागत वाजतंय, आन् काढून डबीत ठिवलं ते ठिवलंच. जत्रंला यायचा बंद झाला. ढोल खुंटीला. घरात पंधरा माणसं बोलत असली तरी ह्यो भिताडाकडं तोंड करून बसायचा, जेवाय हाक मारली तर कळत न्हाई, खांद्याला हात लावला तर दचकतो. बहिरा झालेला माणूस हळूहळू मुका हुतो ते म्या ह्या डोळ्यांनी बघितलं. आन् मला काय वाटायचं सांगू, आपल्याला ज्येनं बापाची जागा दिली त्यो माणूस आपल्या डोळ्यादेखत विझतोय आन् आपण नुस्तं बघतोय. लय वाईट वाटायचं.

आन् मग त्या लग्नात ते झालं. चुलत्याच्या नातीचं लगीन, म्होरं डीजेची गाडी, मोठमोठं खोकं, बायका कानावर हात धरून पळाय लागल्या. दादाला म्या बाजूला घ्याय गेलो तर त्यो हलंना. तिथंच उभा, छातीवर हात ठिवून. आन् त्येच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर हलाय लागली. मग मला म्हणला, वाजतंय व्हय रं? दोन वर्सांत त्येनं आपणहून इचारलेली ती पयली गोष्ट. मी मान हलवली. म्हणला, लय वंगाळ वाजवतोय, पर वाजतंय. मी तिथंच, वरातीत, रडलो बगा. माणसांना वाटलं पोरीच्या पाठवणीचं रडतोय.

तवा ठरवलं, आपल्या जीपंत आसलं खोकं बशिवायचं. त्येला सबवूफर म्हणत्यात हे मला थांब्यावर कळलं. आन् थांब्यावर इचारलं हीच माझी चूक, एक ना धड भाराभर चिंध्या. एक डायवर म्हणला मामा बारा इंची घ्या. दुसरा म्हणला बारानं काय हुतंय, वॅट बगा वॅट. तिसरा म्हणला वॅटावर जाऊ नगा, डब्यावर लिवलेलं येगळं आन् खरं येगळं. म्हटलं मग खरं कुठं लिवलेलं असतं? तर म्हणला ते लिवत न्हाईत. आता काय करायचं माणसानं? शिटाखाली बसणारा चपटा घ्या म्हणणारा एक, पेटीला भोक पायजेच म्हणणारा एक, भोक असंल तर पैलं बुजवा म्हणणारा एक. बैलाच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून दर करत्यात न्हवं, तसं झालं माझं, समद्यांची बोटं चालल्यात आन् मला रुमालच दिसतोय.

मग म्या माझ्या अकलंनं एक केलं. खुंटीवरचा दादाचा ढोल काढला, आन् त्येच्या डाव्या तोंडाचं, घुमणाऱ्या बाजूचं, सुतळीनं माप घेतलं. म्हटलं एवढ्याच तोंडाचा आणायचा, म्हंजी आवाज तोच यील. आमच्यात ढोल घेताना आसंच असतं, आधी तोंडाचं माप, मग बोटानं टिचकी. आमची मंडळी, म्हंजी माझी बायको, म्हणली ढोल आन् गाडीतलं खोकं एकच व्हय ओ? म्हटलं तू गप, तुला काय कळतंय. मला तरी काय कळत हुतं!

विश्रामबागेत एक दुकान हाय, नाव नगं लिवायला. दुकानदार चाळिशीतला, सबुरीचा माणूस. त्येनं इचारलं काका, कुठल्या गाडीत, कशासाठी, गाणी कुठली ऐकता? म्हटलं ढोल. म्हणला फक्त ढोल? म्हटलं फक्त ढोल, आन् ऐकायचा न्हाई, ऐकणारा बहिरा हाय. त्येनं पेन खाली ठिवला. मग लय समजावून सांगितलं त्येनं, खऱ्या वॅटाची म्हणून आर येम येस आसली काय काय अक्षरं सांगितली, ओहम म्हणून एक सांगितलं, बंद पेटी आन् भोकाची पेटी ह्येच्यातला फरक सांगितला, ढोलासाठी दहा इंची बंद पेटीतला चांगला म्हणून सांगितलं, ते मला आता आठवतंय, पर तवा माझ्या हातात सुतळी हुती. मी म्हटलं ह्या मापाचा द्या. त्येनं टेप लावला, पंधरा इंच भरलं. म्हणला काका, हा लय मोठा होईल तुम्हाला. म्हटलं असू द्या. आन् एका भारीतल्या सबवूफरच्या मधल्या टोपीवर म्या आमच्या रिवाजानं टिचकी मारली, तर टोपी पचकन आत गेली. त्यो बिचारा तोंडानं वारं वढून ती भायेर काढत बसला. मला मेल्याहून मेल्यागत झालं. तरी घेतला त्यो पंधराच, भोकाच्या पेटीत, त्येला चालवायचं मशीन म्हंजी ॲम्प्लिफायर येगळं. पेटीनं मागच्या दोन माणसांच्या शिटा खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी वाडीभायेर रस्त्याकडंला जीप लावली आन् दादाला पेटीला पाठ लावून बशिवलं. मोबाइलात जत्रंतला आमच्या वाडीच्या गजीचा ढोल भरून ठिवलेला, त्यो लावला. जीपच्या काचा हादराय लागल्या, टपावरची ताडपत्री हादराय लागली, रस्त्याकडंची कोंबडी उडाली. मी आशेनं बघतोय. दादानं जरा येळ डोळं झाकलं, मग उघडलं, आन् म्हणला, बंद कर, ही पिठाची गिरण हाय. आन् उतरून चालत घरी गेला. दोन मैल. मी मागनं जीप हळूहळू घिऊन. माझ्याकडं बघितलंबी न्हाई त्येनं.

मला कळंना. थाप पडतीया, छातीत लागतीया, तर मग काय कमी पडलं? चार दिवस पेटी बंद ठिवूनच शिटा हाकल्या. पाचव्या दिवशी सकाळी दादा आंघूळ करून, फेटा बांधून जीपंत म्होरं येऊन बसला आन् म्हणला, मला ने. म्या हातानंच इचारलं, कुठं? म्हणला जिथनं ती गिरण आणलीस तिथं.

विश्रामबागेत आमी दोघं त्या दुकानात शिरलो तवा मला लाजल्यागत झालं हुतं, पर दुकानदारानं दादाला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्या माझा मोबाइल त्येच्याकडं दिला, त्येनं तोच ढोल एकेका पेटीवर लावला. दादा कुठल्याच पेटीसमोर बसंना, पेटीच्या कडंला बसायचा आन् फळीवर डावा तळवा ठिवायचा, डोळं झाकून. पंधरावर ठिवला, म्हणला ह्यो वाजवणारा हात उचलतच न्हाई. बारावर, भोकाच्या पेटीवर ठिवला, म्हणला उचलतो पर कंटाळत कंटाळत. शिटाखालच्या चपट्यावर ठिवला, म्हणला ह्यो म्हातारा झालाय, माझ्यागत. दुकानदार हसाय लागला. मग दहा इंची, बंद पेटीतला, दिसायला एवढासा. दादानं तळवा ठिवला. मी बघतोय, दुकानदार बघतोय. मग त्येचा उजवा हात हवेत वर गेला, काठी धरल्यागत, आन् डावा त्या फळीवर पडाय लागला. बरुबर. थापंला थाप. अर्धा घंटा. गिऱ्हाईक येऊन दारात उभी ऱ्हायली, कुणी आत येईना. शेवटाला म्हणला, पोरगं कच्चं हाय, पर हात उचलतंय. मोबाइलातला ढोल वाजवणारं पोरगं दादाचंच शागीर्द, पर वाजवणारं तेच हाय हे दादाला ठावं न्हवतं.

दुकानदार मला म्हणला, काका, मी दिवसभर लोकांना हेच सांगतो, मोठ्यानं वाजणं येगळं आन् वाजून वेळेवर थांबणं येगळं, कानवाल्यांना पटत न्हाई. मला कानवाला म्हणला त्यो.

पंधराची पेटी परत दिली, दहाची जीपंत बशिवली, आन् तवापासनं दादा रोज गाडीवर येतो. मागच्या आडव्या शिटावर, पाठ पेटीला, हात मांडीवर. माणसांना ठावं झालंय, बायका म्हणत्यात बिरूदांची जागा सोडा. त्यो बोलाय लागला वो. शेरडांबद्दल बोलतो, पावसाबद्दल बोलतो, माझ्या डायवरकीला शिव्या देतो. मला वाटलं जितलो आपण.

आन् आता ह्या गेल्या महिन्यातलं सांगतो, आन् ते लिवा, कारण माझं मलाच उलगडत न्हाई. सांगलीहून निघालो, तासगाव मागं टाकलं, भिवघाटाजवळ आलो तवा माझ्या ध्यानात आलं की पाठीत हादरा बसत न्हाई. म्होरचं बारकं स्पीकर चालू हुतं म्हणून कळलं न्हवतं. आतल्या आरशात बघितलं तर दादा वाजवतोय. मांडीवर थाप, मान डुलतीया, तोंडावर हसू. मी गाडी कडंला घेतली, मागं जाऊन बघितलं, मशीनचा फ्यूज उडालेला. पेटी मेलेली. मग ह्यो ऐकत काय हुता? म्हटलं म्हंजी समदं त्येच्या डोक्यातच वाजतंय व्हय, माझ्या खोक्याचा काईच उपेग न्हाई व्हय? फ्यूज त्येच्या डोळ्याम्होरं धरला, हातानं खुणावलं, ह्यो गेलाय, कवाचा? दादा म्हणला, तासगाव सोडलं तवाच. म्हटलं, मग वाजवत का बसलास? त्येला तोंड बघून कळलं मी काय इचारतोय. म्हणला, तू सारखा आरशात बघत हुतास की रं. थांबलो असतो तर तुझं तोंड पडलं असतं, आन् घाटाची वाट हाय.

फ्यूज दुसरा टाकला, पेटी चालू हाय. पर मला आता कळंना झालंय, की आजवर किती येळा त्येला खरंच लागलं आन् किती येळा त्येनं माझ्यासाठी वाजवलं. इचारून सांगायचा न्हाई त्यो. मी साठीला आलो, त्यो सत्तरीच्या पल्याड, आन् आजून त्योच मला सांभाळतोय. वाईट वाटतं आन् बरंबी वाटतं, दोन्ही एकदम, ह्येला काय म्हणायचं तुमी शिकल्यालं लोक सांगा. म्या एवढंच केलं, आतला आरसा जरा वर फिरवला. मागचा रस्ता दिसतो, दादा दिसत न्हाई. आता त्यो वाजवंल न्हाईतर नुस्ता बसंल, त्येची मर्जी. बिरोबा तुमचं भलं करू. उठतो आता, शिटा भरल्या.