मुक्ताईपुढचा लाल दिवा

जळगावच्या गॅरेजात मी स्कूटरसाठी बसलो होतो. फैजपूरचे लोटनभाऊ व्हॅन घ्यायला आले. त्यांची आई, अक्का, बाहेर सावलीत थांबली.

“डॅशबोर्डवरचा हा लाल दिवा कधीपासून लागत होता?” चिंधा मिस्त्रीनं विचारलं.

“दसऱ्यापासून. आपोआप लागला, म्हणून अक्कानं तिथंच मुक्ताईचा फोटो चिकटवला.”

“ब्रेक ऑइल कमी झालं की तो लागतो, भाऊ. गळकी नळी बदलली, ऑइल भरलं. विझला बघा.”

“विझवला काहून? अक्का दर्शनाला निघाली हाये. दिव्याबिगर ती गाडीत बसायची नाही.”

“हँडब्रेक ओढला तरी लागतो. पण तशी चालवली तर ब्रेक जळतील.”

“थोडाच ओढतो.”

करकर आवाज आला.

“अक्का, चल. लागला दिवा.”