रिकाम्या पोटाचे स्तोत्र

आदरणीय अध्यक्ष फादर ॲन्सेल्म, प्रमुख पाहुण्या डॉक्टर रोवेना, ज्यांना आज आपण गायनवृंदातून निरोप देत आहोत त्या सत्कारमूर्ती मार्थाबाई, आणि गास गावच्या वाड्यावाड्यांतून ऊन अंगावर घेत आलेल्या माझ्या धर्मग्रामस्थ बंधुभगिनींनो,

आधीच्या वक्त्यांनी मार्थाबाईंना कोकिळेची उपमा दिली. उपमा शिळी आहे, शिवाय चुकीचीही. कोकिळा गात नाही, गातो तो नर. त्यांनी असेही सांगितले, की मधुमेहामुळे बाई गायन सोडत आहेत. तेही खरे नाही. त्या माझ्यामुळे सोडत आहेत.

चर्चमधल्या मिस्सापूर्वी तासभराचा उपवास पुरतो, हे फादरांनी मला कितीदा सांगितले! पण माझ्या गायनवृंदाला मी जुने वळण लावले: पहाटेपासून पाण्याखेरीज काही नाही. रिकाम्या पोटी सूर स्वच्छ लागतो, हा माझा सिद्धान्त. रसायनशास्त्रातील डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाने तो कोणत्या प्रयोगावर उभारला, असे कुणी विचारले नाही. मला विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

यंदाच्या उपवासकाळात बाईंची सकाळची साखर वाढू लागली. सरावाच्या वेळी ते माझ्या कानावर आले.

‘‘रात्री काय खाता?’’ मी विचारले.

‘‘दोन घास भात, सर.’’

‘‘मग जिभेला लगाम घाला. यंत्र खोटे बोलत नाही.’’

‘‘सर, आता साखरेलापण सूर शिकवणार का?’’ आमच्या वृंदातली जेसिका म्हणाली. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी रात्रीचे जेवणच सोडले. सकाळचा आकडा तरीही उतरेना, आणि मी मनात म्हणालो, लपून तळलेले गोड फुगे खात असणार!

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी स्तोत्राच्या मधल्याच ओळीवर त्यांचा आवाज कापला. मिस्सा संपताच सर्वांदेखत मी बोललो, ‘‘तयारी नसेल तर मागे उभे राहावे.’’ त्या उत्तर द्यायला वळल्या आणि मटकन खाली बसल्या. कपाळ घामाने ओले, हात थरथरत होते. जेसिकाने सरबत पाजल्यावर त्यांनी मान वर केली. काय म्हणाल्या असतील?

‘‘चुकलं माझं, सर.’’

नंतर डॉक्टर रोवेनांनी मला समोर बसवून समजावले. पहाटे, जाग येण्याच्या आधीच, यकृत आपणहून रक्तात साखर सोडते. मधुमेहात ती आवरली जात नाही. सकाळचा चढलेला आकडा म्हणजे रात्रीचा हावरटपणा नव्हे. ‘‘आणि गोळी घेऊन उपाशी राहिलं की तीच साखर धाडकन उतरते, सर. एक फोन करायचा होतात!’’ आता डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलल्या आहेत. रात्री वेळेवर हलके जेवण, मग अंगणात फेऱ्या, सकाळी न्याहारी. आकडा हळूहळू उतरतो आहे. आवाज तर केव्हाच परत आला.

मग हा निरोप कशासाठी? न्याहारीसाठी! बाई मला म्हणाल्या, ‘‘नियम तुमचा आहे, सर. माझ्यासाठी मोडू नका. मीच थांबते.’’

ते ऐकून मी काय केले? सत्काराची तारीख ठरवली.

बंधुभगिनींनो, तो नियम मी इथेच मागे घेतो. तो आधीच घ्यायला हवा होता, हे कळायला मला हा हार, ही शाल आणि हे भरलेले सभागृह लागले. पुढच्या रविवारी मार्थाबाईंची जागा मी रिकामी ठेवणार आहे. त्यांनी यावेच, असे म्हणण्याचा अधिकार मला उरलेला नाही.

माझ्या हाती अजून बरीच पाने आहेत. पण डॉक्टर रोवेना मघापासून घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे पाहत आहेत. बाईंची जेवणाची वेळ टळली आहे. म्हणजे आजही, त्यांच्याच सत्कारात, त्या माझ्यामुळे उपाशी बसल्या आहेत. अपुरे भाषण मी आजवर कधी केले नाही; हे करतो.

आयोजकांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्यातल्या उणिवा आपण पोटात घालाल. उरलेल्या चुकीची क्षमा ज्यांच्याकडे मागायची, त्यांनी उत्तर आत्ता देऊ नये. मार्थाबाई, आधी पानावर बसा. भात मी वाढतो.