जनरल वॉर्डातला बैल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या रुग्णालय समितीचे प्रमुख माननीय नानासाहेब धारप, आमच्यापैकी कित्येकांची छाती आमच्यापेक्षा जास्त ओळखणारे डॉक्टर बिवलकर, व्यासपीठावरील इतर मान्यवर, जिच्या कौतुकासाठी आपण जमलो ती आमची सुमनताई, रुग्णालयाचा सेवकवर्ग, चिंचवड, चिखली, ताथवडे इथून आवर्जून आलेले बंधुभगिनी, आणि मागच्या भिंतीला पाठ लावून उभे असलेले माझे वॉर्डातले सोबती,

मंडळी, पुढं खुर्च्या रिकाम्या आहेत. या, बसा. आपल्याला वेगळं बसवायचे दिवस गेले. डॉक्टरसाहेब इथं बसले आहेत, त्यांनीच आपल्याला बरं झाल्याचं सांगून घरी धाडलं आहे. कुणी नाक मुरडलं तर त्यांच्याकडं बोट दाखवा.

मला ओळखत नसतील त्यांच्यासाठी सांगतो. मी दौलतराव भोंडवे, ताथवड्याच्या प्राथमिक शाळेत शिक्षक. तीन वर्षांपूर्वी क्षयानं मला या रुग्णालयात आणून टाकलं. सुमनताई तेव्हा पुरुषांच्या जनरल वॉर्डच्या सिस्टर होत्या. आता त्या मेट्रन होऊन खानदेशातल्या नव्या रुग्णालयात चालल्या आहेत. आज सकाळी त्यांनी मला दोन गोष्टी बजावल्या. भाषण लांबवू नका आणि माझी स्तुती करू नका. पहिली आज्ञा शिक्षकाकडून पाळली जाणं अवघड आहे. दुसरीचं म्हणाल, तर मी फक्त घडलं ते सांगणार आहे. त्यातून स्तुती झाली तर तो दोष माझा नव्हे.

अध्यक्षमहाराज, आपण नेहमी म्हणतो, अमक्याला धीर आहे, तमका खचला. जणू धीर हा नाकाडोळ्यांसारखा जन्मानंच मिळतो. तसं असतं का? मी माझंच उदाहरण देतो. मला आजाराला तोंड देता आलं. रुग्णालयात सगळे म्हणत, मास्तर मोठे धीराचे. पण माझ्या धीराला टेकू किती होते ते पाहा. माझ्या थोरल्या भावाचं चिंचवडला किराणा दुकान आहे. त्यानं मला स्पेशल खोली घेऊन दिली. खोलीला खिडकी होती. खिडकीत रेडिओ होता. रोज वर्तमानपत्र येई. शेजारच्या खोलीतले वकील बुद्धिबळाचा पट मांडून माझी वाट बघत. घरून डबा येई, त्याच्याबरोबर पोरांची खबर येई. शाळेनं माझी जागा राखून ठेवली होती. एवढं सगळं असताना मी खचलो असतो, तर मला शाळेत घ्यायलाच नको होतं.

आणि माझ्या खोलीपासून थोडं पुढं, व्हरांड्याच्या टोकाला, जनरल वॉर्ड होता. तिथं होता भिमाजी.

भिमाजी मूळचा बीडकडचा. पाऊस रुसला तसा बायकोला आणि दोन लेकरांना घेऊन पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर आला. पाट्या उचलता उचलता रक्त थुंकू लागला. त्याला आणि मला एकाच आठवड्यात भरती केलं. औषध एकच, सुया त्याच, दूध आणि अंडी तीच. डॉक्टरसाहेबांनी मला एकदा स्वतः सांगितलं होतं, की त्याची छाती माझ्यापेक्षा बरी आहे. असं असताना मी सुधारत होतो आणि तो वाळत होता. ताट तसंच परत जाई. तोंड भिंतीकडं. आणि एके दिवशी त्यानं गाठोडं बांधलं आणि दाराशी येऊन उभा राहिला.

अशी गाठोडी त्या वॉर्डात बरीच बांधली जात. माणसं उपचार अर्धे टाकून जात आणि पुन्हा यायची ती शेवटचं यायची. त्यांना समज द्यायची, नियम वाचून दाखवायचे, हा रिवाज होता. सुमनताईंनी नियम वाचला नाही. त्या दारातल्या बाकावर बसल्या, त्याला शेजारी बसवलं आणि विचारलं, की निघालास कुठं आणि कशासाठी.

मी व्हरांड्यात फेरी मारत होतो, म्हणून त्याचं उत्तर मी माझ्या कानांनी ऐकलं.

तो म्हणाला, "बाई, मी हितं दूध पितोय आन् तिकडं माजी लेकरं काय पित्यात त्ये मला ठावं न्हाई. घास घशाखाली जात न्हाई. ह्यो रोग नंतरचा हाय."

ताईंनी त्याच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली. आपल्या सुट्टीच्या दिवशी त्या पिंपरीला मजुरांच्या झोपड्यांत गेल्या. भिमाजीची बायको शालनबाई तिथं नव्हतीच. नवरा कामावर नाही, तर झोपडी कशाला, असं म्हणून मुकादमानं तिला बाहेर काढलं होतं. वर क्षयवाल्याची बायको म्हणून दुसरं कुणी कामाला लावीना. ती सापडली रेल्वेच्या रुळांपलीकडं, एका पडक्या गोठ्यात, दोन लेकरांना घेऊन.

ताई दुसऱ्या दिवशी समितीपुढं उभ्या राहिल्या. शालनबाईला रुग्णालयाच्या भटारखान्यात काम द्या आणि मागच्या चाळीत एक खोली द्या, ही त्यांची मागणी. समितीत कुणीतरी म्हणालं, एकाला दिलं की सगळे मागतील. बोलणारे कोण होते ते मी सांगणार नाही, कारण ते आज अध्यक्षस्थानी आहेत. नानासाहेब हसताहेत, म्हणजे आठवत असणार. त्यावर ताई एवढंच म्हणाल्या, "साहेब, आपण त्याच्या फुफ्फुसावर औषध घालतोय आणि तो माणूस चिंतेनं मरतोय. मेल्यावर फुफ्फुस बरं निघालं तर ते कुणाच्या उपयोगाचं?"

नानासाहेबांचा मोठेपणा असा, की त्यांनी त्याच बैठकीत होकार दिला.

शालनबाई आली. लेकरं लांबून का होईना, कुंपणापलीकडून बापाला दिसू लागली. भिमाजी जेवू लागला. गोष्ट इथंच संपली असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. पण पोट भरलं तरी दिवस रिकामाच राहिला. क्षयाच्या माणसाला महिनोन्महिने नुसतं पडून राहायचं असतं. ज्यानं जन्मभर हातांनी काम केलं, वाचायला ज्याला येत नाही, त्यानं पडल्या पडल्या काय करावं? माझ्याकडं रेडिओ होता, पट होता, पुस्तकं होती. त्याच्याकडं भिंत होती. तो पुन्हा भिंतीकडं वळला. त्याच्यासारखे वॉर्डात आणखी कितीतरी होते.

सुमनताई कुडाळकडच्या. लहानपणी त्यांनी देवळात चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहिलेला. पडद्यामागं दिवा, पडद्यावर सावल्या. त्यात गाणारा दमतो, पण बाहुली नाचवणाऱ्याला नुसते हात हलवावे लागतात, हे त्यांच्या ध्यानात राहिलं होतं. चामडं आणायचं कुठून? एक्स-रेच्या खोलीत जुन्या, निकामी फोटोंचा ढीग पडलेला असे. ताईंनी तो मागून आणला.

वॉर्डात आमचे इनायतभाई होते. चिंचवडच्या बाजारात त्यांचं पत्र्याचं दुकान, डबे, बंब, कंदील. ताईंनी त्यांच्या हातात कात्री आणि एक फोटो दिला. इनायतभाईंनी फोटो उजेडाला धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "सिस्टर, ये किसका सीना है?" ताई म्हणाल्या, कुणाचा का असेना, तो बरा होऊन गेला. मग इनायतभाईंनी त्यातून पहिला बैल कापला. दिव्यासमोर धरला तर काय, बैलाच्या पोटात माणसाच्या बरगड्या! वॉर्ड हसला. मंडळी, त्या वॉर्डात इतकी माणसं एकदम हसलेली मी तोवर ऐकली नव्हती.

बैल ठरला म्हणून गोष्टही बैलाची ठरली. चाकणच्या बाजारात विकायला नेलेला एक थकलेला बैल गिऱ्हाइकाच्या हातातून दावं सोडवतो आणि लंगडत, वाट चुकत, नदी ओलांडत घरी येतो, एवढीच गोष्ट. ती रोज थोडी थोडी वाढू लागली. कुणी म्हणे वाटेत लांडगा भेटू दे, कुणी म्हणे भुकेल्या बैलाला एखादी म्हातारी भाकरी देऊ दे. मी शिक्षक, म्हणून निवेदन माझ्याकडं आलं. बैल नाचवायला मात्र भिमाजीनं मागून घेतला. आधी तो बैल नुसता चालायचा. मग भिमाजीनं त्याला लंगडायला शिकवलं, थांबून मागं बघायला शिकवलं. गुरांमागं हिंडलेला माणूस तो. आता सकाळी उठल्याबरोबर विचारायचा, मास्तर, आज बैलाला कुठवर न्यायचा?

डॉक्टरसाहेबांना हे पसंत नव्हतं. त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल? सक्तीची विश्रांती हे क्षयावरचं मोठं औषध. हात हलवायचे ते उशीला टेकून, थोडाच वेळ, आणि कुणालाही ताप चढला तर खेळ बंद, या अटीवर त्यांनी परवानगी दिली. ताप कुणाला चढला नाही. पण सगळ्या रुग्णालयापुढं करायचा खेळ आठवड्यावर आलेला असताना भिमाजीला रक्ताची उलटी झाली.

ते दिवस मी अजून विसरलेलो नाही. त्याच्या छातीवर बर्फ ठेवलेला, बोलायची मनाई. शालनबाई भटारखान्याच्या पायरीवर बसून राहिलेली. समितीनं हुकूम काढला, खेळ बंद. बाहुल्या कपाटात गेल्या. आणि दोनच दिवसांत वॉर्डात ताटं परत जाऊ लागली. सगळ्यांना वाटत होतं, आपण हसलो त्याचीच ही शिक्षा.

ताई डॉक्टरांकडं गेल्या. त्यांनी वाद घातला नाही. भिमाजीचा भरतीच्या वेळचा आणि आत्ताचा, दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा, एवढीच विनंती केली. डॉक्टरांनी पाहिले. रक्त आलं होतं ते छातीतल्या जुन्या जखमेतून. ती पहिल्यापासूनच होती. बाकीची छाती चांगली भरत आली होती. तरी डॉक्टरसाहेब म्हणाले, की जोखीम माझ्या रुग्णाची आहे, तर मी रुग्णालाच विचारीन.

सकाळची वेळ. पूर्वेच्या खिडकीतून ऊन सरळ समोरच्या भिंतीवर पडलेलं. डॉक्टर खाटेशी उभे. मी, ताई, इनायतभाई आजूबाजूला. डॉक्टरांनी विचारलं, "भिमाजी, हा खेळ तुला झेपत नसला तर कायमचा बंद करू. करू का बंद?"

भिमाजीला बोलायची मनाई होती. त्यानं उजवा हात हळूच उचलून उन्हात धरला. दोन बोटं वर केली, अंगठा आत घेतला. भिंतीवर बैलाचं डोकं उमटलं, शिंगांसकट. ते डोकं डॉक्टरांकडं वळलं आणि एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं हललं. नाही.

डॉक्टरसाहेब, त्या वेळी आपण चष्मा काढून पुसत होतात. ऊन फार होतं असं आपण नंतर म्हणालात.

डॉक्टरांच्या शब्दावर समितीनं हुकूम मागं घेतला. खेळ पुढं ढकलला, पण झाला. संध्याकाळी, व्हरांड्यात चादर बांधून. स्पेशल खोल्यांतले आणि जनरलमधले एका ओळीत बसले होते, हे त्या रुग्णालयात पहिल्यांदाच घडत होतं. कुंपणापलीकडं चाळीतली आणि गावातली माणसं उभी. शालनबाई लेकरांना कडेवर घेऊन सगळ्यांच्या पुढं. बैल नदीत उतरला आणि मध्येच थांबला, तेव्हा मी निवेदन करायचं विसरलो. भिमाजीनं बैलाला तिथंच उभा ठेवला. किती वेळ ते सांगता येत नाही. मग त्याचा एक पाय उचलला गेला, दुसरा उचलला गेला आणि बैल पलीकडं चढला. कुंपणाबाहेरून धाकट्या लेकराचा आवाज आला, "आये, घर आलं!" त्यानंतरचा टाळ्यांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असं म्हणतात.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्या वर्षी गाठोडं बांधून दारात येणारी माणसं जवळजवळ थांबली. वॉर्डात खाटांसाठी नवार विणणं सुरू झालं, अक्षरओळख सुरू झाली. वकीलसाहेबांचा बुद्धिबळाचा पट जनरल वॉर्डात गेला तो परत आलाच नाही. रुग्णाच्या घरच्यांना काम मिळवून द्यायची जबाबदारी समितीनं आपणहून घेतली. इनायतभाईंचं मोठं ऑपरेशन झालं, काही बरगड्या गेल्या, पण त्यांचं दुकान पुन्हा उघडलं आहे. आणि भिमाजी पिंपरीच्या कारखान्यात बागेच्या कामावर आहे. मघाशी मी पुढं या म्हणालो तेव्हा शेवटी आला आणि आता तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसला आहे, तोच.

डॉक्टर सांगतील, बरं केलं ते औषधानं. खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण औषध पोचेपर्यंत माणूस तिथं टिकायला हवा. ज्याच्या घरी चूल पेटते आणि ज्याला उद्या करायला काहीतरी आहे, तो टिकतो. माझ्याकडं या दोन्ही गोष्टी दैवानं होत्या. भिमाजीला त्या सुमनताईंनी मिळवून दिल्या.

आता शेवटचं. निरोपाची भेट म्हणून काय देऊ, असं आम्ही जुन्या रुग्णांनी ताईंना विचारलं होतं. शालजोडी नको म्हणाल्या, तसबीर नको म्हणाल्या. त्या म्हणाल्या, "बायकांच्या वॉर्डात अजून नुसती भिंत आहे. तेवढं बघा." मंडळी, नानासाहेबांच्या परवानगीनं जाहीर करतो. बायकांच्या वॉर्डात येत्या सोमवारपासून बाहुल्यांचा आणि हातकामाचा असाच वर्ग सुरू होत आहे आणि तो चालवण्यासाठी समितीनं भटारखान्यातून ज्यांना बोलावून नेमलं आहे, त्यांचं नाव शालनबाई. त्या समोर बसल्या आहेत. शालनबाई, उभ्या राहा. लाजू नका. सुमनताई, तुमची जागा रिकामी राहणार नाही.

अध्यक्षमहाराजांनी मला वेळ दिला आणि मध्ये घंटी वाजवली नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. डॉक्टरसाहेबांचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाला उगीच चिमटा बसला असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर शिक्षकाची सवय समजून पोटात घाला. ताई, खानदेशात ऊन फार असतं. प्रकृतीला जपा. आता टाळ्या माझ्यासाठी नकोत, त्या उभं राहून सुमनताईंसाठी वाजवा.