वारलू मडावीची मोडलेली बंदूक

माझे नाव लटारू वल्द पत्रू भोयर, वय अंदाजे पन्नास वर्षे, धंदा धानाची शेती, राहणार मौजा पिपरटोला, तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा. आज सन १९५४ च्या भादव्यात ठाण्यात बोलावून विचारल्यावरून समक्ष सांगतो तो जबाब असा.

माझे शेत जंगलाला लागून आहे. रानडुकरे दर साल धान लोळवतात. शेजारच्या गोंडटोल्यावरचा वारलू वल्द कोलू मडावी याच्याकडे पीक राखण्याच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. नजर अधू झाल्याने त्याने ती मला विकायचे ठरवले. आम्ही दोघांनी चांद्याला जाऊन परवाना माझ्या नावे करण्याचा अर्ज दिला. मंजुरी येईपर्यंत बंदूक वारलूचीच, तुम्ही हात लावायचा नाही, असे कचेरीतल्या बाबूने मला बजावले. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे कोणाला ठाऊक नाही? थांबलो.

मंजुरी यायच्या आत वारलू तापाने पडला. त्याचा मुलगा बुधू बंदूक घेऊन माझ्या बांधावर आला. तो म्हणाला, "लटारूभाऊ, आताच घेऊन जा. बाबा मेल्यावर मले देता येणार नाई." मी त्याला परत पाठवले. कागदाशिवाय बंदूक घेतली तर जेल होते, असे मी ऐकून होतो. मी कायद्याने वागलो आणि आज मला त्याचा पस्तावा आहे. हे लिहून घ्या, असे मी हवालदारसाहेबांना मुद्दाम सांगितले.

पुढे वारलू मेला. त्या टोल्यात रीत अशी, की मेलेल्या माणसाच्या हातची वस्तू मोडून त्याच्या नावाच्या दगडापाशी ठेवायची. मोडल्याशिवाय ती त्याला पोचत नाही, आणि पोचली नाही तर तो ती मागायला घरी येतो. कागद आला नव्हता, म्हणजे बंदूक वारलूचीच होती. सरकारही तेच म्हणत होते. बुधूने नळी विस्तवात लाल करून घणाने चेपली, लाकडी दस्ता फोडला आणि बापाच्या कुऱ्हाडीसोबत त्याच्या दगडापाशी ठेवली. लपवाछपवी काही नव्हती. सारा टोला हजर होता, मीही होतो.

त्यानंतर मंजुरी आली. बंदूक माझ्या ताब्यात द्यायला शिपाई टोल्यावर गेला, तेव्हा त्याला हे तुकडे मिळाले. नळी चेपल्यामुळे नंबर दिसत नाही. हवालदारसाहेबांचे म्हणणे, की हे दुसरेच भंगार आहे आणि खरी बंदूक बुधूने लपवली. त्यावरून बुधूला आत टाकले.

मला टेबलावरचे तुकडे दाखवले. दस्त्यावर तांब्याची तार गुंडाळलेली आहे. ती तार मीच वारलूला दिली होती आणि त्याने ती माझ्यासमोर गुंडाळली. ही तीच बंदूक आहे. तारेवर भागत नाही, नंबर पाहिजे, असे मला सांगण्यात आले. टोल्यावरच्यांना विचारा म्हणालो, तर ते सारे बुधूचे नातेवाईक, असे साहेब म्हणाले. मी जामीन राहतो म्हणालो. बंदूक हजर झाल्याशिवाय जामीन नाही, असे उत्तर मिळाले.

बुधूची आई सोमारी ठाण्याच्या पायरीपाशी बसून आहे. मी आत येताना तिने विचारले, "भाऊ, पोरानं बंदूक नदीत टाकली म्हणून कबूल केलं म्हणतेत. आता तरी सोडतीन का?"

बुधूने तसे कबूल केल्याचे हवालदारसाहेबांनीही सांगितले. पोरगा खरे सांगत होता तोवर कोणी ऐकले नाही, खोटे बोलला ते लगेच पटले. वैनगंगेचे पाणी उतरले की डोहात शोध घेणार आहेत, तोवर तो आत राहील. डोहात काही सापडले नाही तर त्याचे काय करणार, असे मी विचारले. ते तेव्हाचे तेव्हा पाहू, असे म्हणाले.

खरी बंदूक कुठे आहे, असे मला शेवटी पुन्हा विचारले. ती साहेबांच्या टेबलावर, त्यांच्या हाताशी आहे. डोहात पाण्याशिवाय काही नाही.

वर लिहिलेले मला मोठ्याने वाचून ऐकवले. ते माझ्या तोंडचे आहे व खरे आहे. डाव्या हाताचा अंगठा उठवला असे.

निशाणी अंगठा, लटारू वल्द पत्रू भोयर