मागणीचं ऑफिस

सन्माननीय अध्यक्षा, व्यासपीठावर बसलेल्या बससेवेच्या प्रमुख बाई, केंद्राचे आजी-माजी संशोधक, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या उत्सवमूर्ती, समोर बसलेले सुहृद, आणि पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसलेली, ऐकू कमी येतं असं सांगून सगळं ऐकणारी आमची आई, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

आत्ता माझी ओळख करून देताना 'बाईंचे थोरले बंधू' एवढंच सांगितलं गेलं. माझी वीज कंपनीतली अख्खी नोकरी त्यात गाळली गेली. हरकत नाही, पण ती सांगितल्याशिवाय माझं आजचं बोलणं कळायचं नाही. मी कंपनीच्या नियोजन विभागात होतो. शहराला पुढं किती वीज लागेल याचा अंदाज बांधायचा आणि तेवढी वीज पुरवायला नवं वीजकेंद्र कुठं उभारायचं ते सुचवायचं, हे माझं काम. आणि आमच्या धाकटीचं, म्हणजे तुमच्या या बाईंचं, काम काय? तर लोकांना मुळात एवढी वीज लागतेच कशाला, हे शोधायचं. म्हणजे एका आईच्या पोटची दोन मुलं, एकाचं पोट वीज वाढण्यावर, दुसरीचं ती कमी होण्यावर. आई म्हणायची, "एक नळ सोडतो, दुसरी बंद करते, आणि मी मधे बादली घेऊन उभी."

तुम्ही केंद्रातली मंडळी बाईंना पाठीमागं 'कशाला मॅडम' म्हणता, हे मला ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक आहे. पण हा प्रश्न तुमच्या वाट्याला नोकरीत आला, माझ्या वाट्याला तो लहानपणापासून आहे. मी पतंग आणला, तर ही विचारणार कशाला. मी मिशी ठेवली, तेव्हाही हिनं हेच विचारलं होतं. त्याचं समाधानकारक उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

असो. मूळ गोष्टीकडे येतो.

शहरात उंच इमारती वाढल्या, विजेवरच्या बस आल्या, कारखाने वाढले, आणि आलेखावरची आमची मागणीची रेघ दरवर्षी वर सरकू लागली. संध्याकाळचे दोन-तीन तास तर आमची नुसती धांदल. तेव्हा मी नव्या वीजकेंद्राचा प्रस्ताव केला. जागा नदीकाठची. पाणी जवळ, रेल्वे जवळ, सगळं कसं सोयीचं. फक्त नकाशात त्या जागेवर एक गल्ली होती, गल्लीच्या टोकाला शाळा होती आणि शाळेच्या अलीकडं आमच्या आईचं घर होतं.

तुम्ही म्हणाल, दुसरी जागा नव्हती का? पाहिल्या की. प्रत्येक जागेवर कुणाची ना कुणाची आई राहत होती. आपली तेवढी सोडायची आणि दुसऱ्याची उठवायची, हे माझ्याच्यानं झालं नसतं.

ते सांगायला मी घरी गेलो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला. आईनं चष्मा लावला, आपलं घर शोधलं, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "तुला लागणारच असेल तर घे बाबा घर. पण आधी हिला विचार, खरंच लागतं का ते."

ही चहा गाळत होती. गाळणी खाली ठेवून म्हणाली, "दादा, मला थोडी वर्षं दे."

मी म्हटलं, "वर्षं माझ्या हातात नाहीत गं. रेघ वर जाते आहे, मी काय करू?"

"आणि मी रेघ थांबवली तर?"

"तर मीच प्रस्ताव मागं घेईन. स्वतःच्या सहीनं."

आता खरं सांगू का, मला वाटलं, ही काय रेघ थांबवणार. हिच्याकडं होतं काय त्या वेळी? बाजारात औषधाच्या दुकानावर दोन खोल्या, तीन टेबलं, आणि एक पाटी. तीसुद्धा अर्धी.

पाटीचा किस्सा नव्या मंडळींना माहीत नसेल. केंद्राचं नाव ऊर्जा मागणी संशोधन केंद्र. पाटी दोन तुकड्यांची होती. एका वादळात 'ऊर्जा' लिहिलेला तुकडा उडाला आणि खालच्या रिक्षेवर पडून त्याचे दोन भाग झाले. सगळे म्हणाले, नवी पाटी करू. बाई म्हणाल्या, "कशाला? उरलेली चांगली आहे की." झालं. भर बाजारात पाटी राहिली, 'मागणी संशोधन केंद्र'.

आता मराठी माणसानं मागणी हा शब्द वाचला, की त्याच्या डोळ्यांपुढं वीज येते का हो? मुलगा येतो, नाहीतर मुलगी येते. लोक फोटो घेऊन जिने चढायला लागले. केंद्रातल्या एका मुलानं एका बाईंना समजावून सांगितलं, "मावशी, आम्ही मागणी जुळवत नाही, मागणी कमी करतो." त्या माउली घाबरून उठल्याच. "आमच्या मुलीला आजवर एकच आली आहे, ती पण कमी करता का रे?"

आणि असेच एक दिवस जिना चढून आले आपले लाँड्रीवाले काका. ते आज इथं आहेत, तिसऱ्या रांगेत, तोंडावर रुमाल धरून हसतायत. काका मुलासाठी स्थळ शोधत होते. फोटो पुढं ठेवून म्हणाले, "मुलगा निर्व्यसनी आहे. घरचा धंदा आहे. दोन इस्पितळांच्या चादरी आमच्याकडं धुवायला येतात."

बाईंनी फोटो बाजूला सारला आणि विचारलं, "पाणी कशावर तापवता?"

जगात मुलीकडचे लोक मुलाची उंची विचारतात, पगार विचारतात. हिनं बॉयलरची चौकशी केली. काका बिचारे सांगत गेले. पाणी विजेवर तापतं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत उकळत असतं. "उकळतं कशाला?" चादरी स्वच्छ व्हायला. "सगळ्याच चादरींना उकळतं पाणी लागतं?" नाही, काहींनाच. "आणि वापरलेलं गरम पाणी?" ते गटारात जातं. "गरमच्या गरम? कशाला?" काका म्हणाले, "बाई, जायला वाट आहे म्हणून जातं."

हे वाक्य या केंद्राच्या भिंतीवर लिहायला हवं. जायला वाट आहे म्हणून जातं. वीज काय, उष्णता काय, आपण काही मुद्दाम उधळत नाही. वाट उघडी असते, म्हणून ती जाते.

बाई दुसऱ्याच दिवशी लाँड्रीत हजर. आठवडाभर तिथंच ठाण मांडून बसल्या. गरम पाण्याचे उघडे पाइप गुंडाळले, टाक्यांवर झाकणं आली, ज्या चादरींना कोमट पाणी पुरतं त्या वेगळ्या झाल्या. आणि गटारात जाणारं गरम पाणी जाता जाता आत येणाऱ्या गार पाण्याला तापवून जाऊ लागलं. काकांचं विजेचं बिल निम्म्यावर आलं. मुलाचं लग्न पुढं रीतसर दुसरीकडून जमलं, केंद्राचा त्यात काही हात नाही, पण काका काही गप्प बसणारे नव्हेत. त्यांनी व्यापाऱ्यांच्या बैठकीत सांगितलं. मग बाटल्या धुणारे आले, रंगाईवाले आले, बिस्किटवाले आले. सगळ्यांनी जिना चढून एकच वाक्य म्हणायचं, "ते मागणीचं ऑफिस हेच का?"

बससेवेच्या प्रमुख बाई इथं बसल्या आहेत, त्यांची परवानगी न घेताच सांगतो. संध्याकाळी शहरात दिवे लागतात, विजेच्या शेगड्या लागतात, लोक घरी येऊन एसी लावतात, नेमक्या त्याच वेळी डेपोतल्या सगळ्या बस एकदम चार्जिंगला लागायच्या. आमची धांदल व्हायची ती यामुळं. धाकटीनं विचारलं, सगळ्या एकदम कशाला? उत्तर आलं, शिफ्ट तेव्हाच सुटते. म्हणजे बसला घाई नव्हती. घाई प्लग लावणाऱ्या माणसाला होती, कारण त्याला घरी जायचं होतं. आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. मग प्लग लावून माणूस घरी जाईल आणि वीज पाळीपाळीनं, शहर जेवून झोपल्यावर सुरू होईल, अशी व्यवस्था या दोघींनी मिळून केली. केली असं म्हणायला सोपं आहे. युनियनशी, कंत्राटदाराशी, आणि आमच्या कंपनीशी भांडून केली. आमच्या कंपनीकडून भांडायला मीच होतो.

घरांचं सांगायचं तर वरच्या मजल्यावरच्या लोकांना विचारा. गच्ची पांढरी झाली, खिडक्यांना बाहेरून झडपा आल्या, आणि दुपारी भट्टी होणाऱ्या खोल्यांत माणसं झोपायला लागली. कचेऱ्यांत तर एसी इतका, की बायका भर उन्हाळ्यात स्वेटर आणायच्या. आमच्याच कंपनीत धाकटी एकदा आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "दादा, गार करायला वीज, आणि त्या गारठ्यातून वाचायला लोकर. कशाला रे?" मी तेव्हा स्वतः मफलर गुंडाळून बसलो होतो.

अध्यक्षा घड्याळाकडं पाहतायत. आवरतो.

रेघ एका वर्षी थोडी आडवी झाली. मी म्हटलं, योगायोग. दुसऱ्या वर्षीही ती वर गेली नाही. मी म्हटलं, पाऊसपाणी बरं झालं असेल. त्याच्या पुढच्या वर्षी शहर आणखी वाढलं, बस आणखी आल्या, आणि संध्याकाळची रेघ चक्क खाली आली. मी आकडे पुन्हा तपासायला लावले, मग स्वतः तपासले. मग प्रस्ताव मागं घेण्याचा कागद तयार केला आणि सही केली.

मला आनंद झाला का? खोटं कशाला बोलू. आईचं घर राहिलं, याचा झालाच. पण कुठल्याही इंजिनिअरला आपल्या हातून एक मोठं काहीतरी उभं राहावं असं वाटतं. माझं राहिलं नाही. त्या रात्री जेवताना मी भात नुसता चिवडत होतो. धाकटीनं ते ओळखलं. जिंकले म्हणून एक शब्द बोलली नाही. ताटात वाढत राहिली, आणि मी नको नको म्हणताना तिनं दोनदा वाढलं.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझं काही उभं राहिलं नाही, तसं हिचंही नाही. मी वीजकेंद्र बांधलं असतं तर फीत कापली असती, फोटो आले असते. हिनं जे केलं त्याची फीत कुठं कापायची? न निघालेला धूर कुणाला दाखवायचा? त्या शाळेतली मुलं रोज मधल्या सुट्टीत पळतात, त्यांना माहीतही नाही की आपण एका धुराड्याच्या जागेवर पळतो आहोत. एवढं काम करून माणसाच्या हाती दाखवायला रिकामं मैदान. याचं मला फार वाईट वाटत आलं आहे.

म्हणून आज मी एक वस्तू आणली आहे. दोघा-तिघांनी जरा हात लावा आणि ती पुढं घ्या. जपून, जड आहे. हो, दगडच आहे. ही त्या वीजकेंद्राची कोनशिला. प्रस्ताव मंजूर होणारच, अशा उत्साहात कंपनीनं ती आधीच घडवून ठेवली होती. तारखेची जागा तेवढी कोरी होती. इतकी वर्षं गोदामात भिंतीला टेकून उभी होती. मी ती मागून आणली. नवा दगड घेतला नाही, नाहीतर उत्सवमूर्तींनी इथंच माझी हजेरी घेतली असती. जुनाच उलटा केला आणि मागच्या बाजूवर कोरून घेतलं. मला चष्म्याशिवाय वाचता येत नाही, पण पाठ आहे.

'येथे वीजकेंद्र बांधावे लागले नाही.'

शाळेनं मैदानाच्या कडेला जागा दिली आहे. आईची सूचना अशी, की दगड उभा करू नका, आडवा ठेवा, म्हणजे पोरांना बसता येईल. तसंच होईल.

धाकटे, आत्ता तू अध्यक्षांच्या कानात काय म्हणालीस ते मला इथं ऐकू आलं. 'कशाला?' म्हणालीस. तर ऐक. आजवर तू सगळ्यांना विचारलंस, आज मी तुला विचारतो. केंद्राचं क्वार्टर सोडायचं म्हणून तू भाड्याचं घर शोधते आहेस, असं माझ्या कानावर आलं. कशाला? आईच्या घरात तुझी खोली रिकामी आहे. मी आणि तुझी वहिनी नोकरी संपल्यापासून तिथंच राहतो. आई रोज त्या खोलीची खिडकी उघडते आणि संध्याकाळी लावते. असलेली खोली रिकामी ठेवायची आणि एका माणसासाठी वेगळं घर, वेगळे दिवे, वेगळा फ्रिज मांडायचा, हे तुझ्या कोणत्या शास्त्रात बसतं? ते घर तू वाचवलंस. आता राहायला ये.

मंडळी, तुम्ही माझं ऐकून घेतलंत, केंद्रानं विरोधी पक्षाला व्यासपीठ दिलं, लाँड्रीवाल्या काकांनी हसून घेतलं, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. बोलता बोलता कुणाला लागलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, किंवा घरचं बोलणं चारचौघांत आलं असेल, तर म्हाताऱ्याची सवय समजून पोटात घाला.

उत्सवमूर्तींना मात्र एवढंच सांगतो. तरुणपणी तुला आलेल्या मागण्या तू कमी केल्यास, नंतर सगळ्या शहराची केलीस, माझ्या कंपनीची तर कंबरच मोडलीस. माझी तक्रार नाही. पण ती बघ, आई मान वळवून तुझ्याकडंच पाहते आहे. ही तिची मागणी आहे, तेवढी कमी करू नकोस.