पुंजाजींची पोटदुखी आणि पाळकसाहेबांची शिकवण

आजच्या या हृद्य समारंभाचे अध्यक्ष, आमच्या दुसरबीड गावचे वडीलधारे माणिकरावजी; बुलढाण्याहून एस.टी.चा धक्का सोसून आलेले मंडळीचे थोर पाहुणे. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती रेव्हरंड शांतवन इंगळे, म्हणजे आपले पाळकसाहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी पुष्पाबाई. आणि मांडवाच्या सावलीत व सावलीबाहेर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मला बोलायला उभं केलं याचं माझ्याइतकंच तुम्हालाही आश्चर्य वाटलं असेल. मी या ख्रिस्ती मंडळीचा सभासद नाही. मी रंगराव, वांगी-मिरचीवाला. मारुतीच्या पाराला जाणारा माणूस. माझ्या शेतीचा बांध आणि या चर्चची भिंत एकच, एवढंच आमचं नातं. पण भिंत कंबरेइतकीच आहे, आणि पाळकसाहेबांचा आवाज खणखणीत. तेव्हा बारा वर्षं मोटेवर उभं राहून मी जे ऐकलं, ते आत बाकावर बसून झोपलेल्यांपेक्षा जास्त भरेल, असं पुष्पाबाईच म्हणतात. बाकावरच्यांनी राग मानू नये.

दर बुधवारी संध्याकाळी पाळकसाहेब वर्ग घेत. विषय काय? तर पहिल्या काळातली ख्रिस्ती मंडळी, आणि तिच्यात शिरलेली खोटी शिकवण! आता सांगा, दिवसभर निंदणी करून आलेल्या माणसाला दीड-पावणेदोन हजार वर्षांपूर्वी कोणत्या देशात कोण काय चुकीचं बोललं, याचं काय? पण पाळकसाहेबांचा जीव त्या विषयात. ते कोळशानं भिंतीवर रेघा ओढत. कोणी म्हणालं, येशू नुसता चांगला माणूस, देव नव्हे. मिसर देशात अरियस नावाचे एक पाळक होऊन गेले, ते म्हणाले, पुत्राला, म्हणजे येशूला, देवानं नंतर घडवलं, आधी तो नव्हताच. मग देशोदेशीचे वडील जमले, मोठी पंचायत बसली, आणि ठरलं की नाही, पुत्र हा खराच देव.

मंडळीतले वडीलधारे कडूबा, हे काय समोर बसलेत, अरियसचं नाव निघालं की डोळे मिटत. पंचायत उठायच्या वेळेला दचकून जागे होत आणि विचारत, "सुटला काय मंग तो?" बरेच बुधवार त्यांचा असा समज होता, की हा कोण्या नात्यातल्या माणसाचा बुलढाण्याच्या कोर्टातला खटला चालू आहे.

हसू नका, मलाही पहिल्यांदा कळलं नव्हतं. एकदा भिंतीवरून मीच विचारलं, "साहेब, एवढी बारीक निवड काऊन करता? देव देव म्हणते ना माणूस, झालं!" तर पाळकसाहेब भिंतीशी आले आणि म्हणाले, "रंगराव, तुमच्या गव्हात धोतरा उगवला तर तुम्हाला भीती वाटते का?"

म्हटलं, "छे! तो तर लांबून दिसते. उपटून फेकतो."

"मग भीती कशाची वाटते?"

"जे तण गव्हासारखंच दिसते, त्याची."

"तसंच हे," ते म्हणाले. "सगळं बोलणं आपलंच असतं. येशू, प्रार्थना, स्वर्ग, सगळं. फक्त मधला एक दाणा काढून घेतलेला असतो. म्हणून नवीन शिकवणारा आला की मी एवढंच विचारतो. बाबा, तुझा येशू जेवला का? थकला का? रडला का? खरंच मेला का? आणि जो मेला, तोच उठला का?"

मी घरी जाऊन हे आमच्या मंडळींना, म्हणजे बायकोला, सांगितलं. त्या म्हणाल्या, "जेवला का हे विचारणारा माणूस चांगलाच असन." असो.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली असतील. उन्हाळ्याचे दिवस. या गावात पुंजाजी नावाचे प्रचारक आले. पांढरा सदरा, गळ्यात बाजाची पेटी, आवाज असा गोड की माझे बैल मोट ओढायचे थांबले. बंधू पुंजाजींची बोलण्याची रीतही वेगळी. ते चारचौघांत भजन म्हणत आणि खरी गोष्ट मात्र एकेकाच्या कानात सांगत. "हे गुप्त ज्ञान हाये. पाळकाले मालूम नाही. कोणाले सांगू नोको." झालं! संध्याकाळपर्यंत ते गुप्त ज्ञान बुलढाण्याच्या रस्त्यापर्यंत पोचलं. माझ्या कानी तर ते चार वेगवेगळ्या तोंडांनी आलं, आणि चौघांनीही मला शपथ घातली.

ज्ञान काय होतं? तर देह म्हणजे घाण. देव घाणीत उतरेल का? म्हणून येशूला आपल्यासारखं शरीर नव्हतंच. तो नुसता भास. जेवताना दिसला, पण जेवला नाही. वधस्तंभावर दिसला, पण दुखलं-खुपलं काही नाही. आणि ज्याला हे कळलं, त्यानं देहासाठी रडू नये, मेलेल्याच्या कबरीवर जाऊ नये.

पाळकसाहेबांनी ऐकलं मात्र, त्यांचा चेहरा फुलला. हो, फुलला! मला म्हणाले, "रंगराव, हीच ती शिकवण! अगदी पहिल्या मंडळीत होती तीच! योहान प्रेषितानं हिच्याविरुद्धच बजावलं होतं, की येशू देहानं आला हे जो मानत नाही त्याच्यापासून सांभाळा." एखाद्या वैद्याला पुस्तकातला रोग पहिल्यांदा अंगणात सापडावा, तसं त्यांना झालं होतं.

पुढच्या रविवारी त्यांनी उत्तर द्यायला सुरुवात केली. सुरुवात केली पहिल्या मंडळीच्या अंत्युखिया शहरापासून. ऊन डोक्यावर आलं तरी गाडी अंत्युखियातून हलेना. माणसं एकेक करून उठली आणि पिंपळाखाली पुंजाजींच्या पेटीभोवती जाऊन बसली. घरी गेल्यावर पुष्पाबाई म्हणाल्या, आणि हे मी भिंतीवरून स्वतः ऐकलंय, "अहो, तुम्ही औषध द्यायच्या आधी रोगाच्या आजोबाचं नाव सांगता."

इथवर सगळी गंमत होती. पण वच्छलाबाईंची गोष्ट गमतीची नव्हती. त्या आज इथं आहेत, त्यांना विचारूनच बोलतो. त्यांचा तरणा मुलगा त्याच्या आदल्या पावसाळ्यात तापानं गेला. त्या रोज संध्याकाळी कबरीवर जात, तिथली माती सारखी करत, थोडं रडत आणि परत येऊन चूल पेटवत. पाळकसाहेबांनी त्यांना कधी "रडू नका" म्हटलं नाही. एवढंच सांगितलं होतं, की मित्राच्या कबरीपाशी येशूही रडला होता. त्या शब्दावर ती बाई उभी होती.

पुंजाजींनी तिच्याही कानात ज्ञान सांगितलं. तो रडला नाही, माय. तसं दिसलं फक्त. तू रडतेस म्हणजे तुझा विश्वास कच्चा.

तिचं कबरीवर जाणं थांबलं. रडणं थांबलं. लोक म्हणाले, पहा, बाई शांत झाली! मी रोज पाहत होतो. तिच्या घरावर धूर दिसेना. चूलच पेटत नव्हती. माझ्या मळ्यातून भाजी पाठवली तर दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर तशीच वाळलेली. पाळकसाहेब दारी गेले, तर दाराआडून आवाज आला, "साहेब, तुम्ही मले खोटं काऊन सांगतलं?"

त्या दिवशी त्यांचा फुललेला चेहरा पार कोमेजला. भिंतीशी येऊन बसले. म्हणाले, "मी वर्षानुवर्षं हा विषय शिकवला, रंगराव. आणि दाराबाहेर उभं राहिल्यावर मला एक वाक्य सुचलं नाही."

तिकडे मंडळीतल्या काही जणांनी ठरवलं, की येत्या रविवारी दुपारी बैठक घ्यायची आणि पुंजाजींनाच इथं ठेवून घ्यायचं. पाळकसाहेबांनी दुसरीकडे बदली मागावी. कोणकोण होते ते मी सांगत नाही. तेही पुढच्या रांगेत आहेत, आणि त्यांनीच आजचा हार आणला आहे.

त्या रविवारी पुंजाजींचं जेवण कडूबांकडे होतं. देह म्हणजे घाण हे खरं, पण कडूबांकडे गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेले रोडगे होते, वांग्याची भाजी होती आणि तुपाचं भांडं पंगतीतच ठेवलेलं होतं. वांगी माझी होती, म्हणून मलाही बोलावणं होतं. सभ्य गृहस्थहो, मी लग्नाच्या पंगती पाहिल्या आहेत, पण भासमान पोटात इतकी जागा असते हे मला त्या दिवशी कळलं. कडूबा वाढून वाढून थकले. शेवटी म्हणाले, "बंधू, देह काही नाही म्हंता, मंग हे जाऊन कुठं राह्यलं?"

पुंजाजी म्हणाले, "हेच तर गुप्त हाये."

त्यानंतर आम्ही बैठकीला चर्चच्या अंगणात आलो. पुंजाजी बोलायला उभे राहिले. "देहाचं दुखणं हा..." एवढं म्हणाले, पोट धरलं आणि खाली बसले. बसले ते लवंडले. घामानं सदरा भिजला. पहिल्यांदा लोकांना वाटलं, काही दर्शन होतंय. मग त्यांनी "मेलो, माय वं!" अशी आरोळी ठोकली आणि सगळ्यांना उलगडा झाला.

पाळकसाहेब धावले. त्यांनी स्वतः त्यांना उचलून आपल्या ओसरीवरच्या बाजेवर नेलं. मी मागोमाग. आणि माझी जीभ वळवळली. म्हटलं, "बंधू, घाबरू नोका, भास हाये."

लोक हसले. पण पाळकसाहेब हसले नाहीत. "रंगराव, थट्टा नंतर. आधी घरून ओवा आणा. आणि कोणीतरी डॉक्टरला निरोप धाडा."

मी ओवा घेऊन आलो, तर काय दृश्य! ज्या माणसानं यांची जागा घ्यायची ठरली होती, त्याचं डोकं यांच्या मांडीवर. पुष्पाबाई तापल्या विटेनं पोट शेकताहेत. आणि पुंजाजी गडाबडा लोळत ओरडताहेत, "येशू! बापा! दया कर! लय दुखून राह्यलं रे!"

अंगणात सगळ्यांच्या मनात एकच आलं, की हा हाक कोणाला मारतोय? ज्याला कधी दुखलंच नाही, त्याला? माझ्या शेजारी एकानं तोंड उघडलंच होतं.

तेवढ्यात गर्दीतून वच्छलाबाई पुढं आल्या. बैठक म्हणून कोणीतरी त्यांना आणलं होतं. त्या बाजेपाशी खाली बसल्या. पुंजाजींच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "मार बाबा, हाक मार. त्याले समजते. त्याचंही दुखलं होतं." आणि मग किती दिवसांनी त्या मोठ्यानं रडल्या. पुंजाजीही रडले. पोटासाठी रडले की कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

बैठक झाली नाही. ती झाली नाही, असं कोणी जाहीरही केलं नाही. लोक आपापल्या चपला शोधून घरी गेले. त्या संध्याकाळी मी मोटेवरून पाहिलं, वच्छलाबाई कबरीकडे चालल्या होत्या आणि त्यांच्या घरावर धूर होता.

पुंजाजी पुढं बरेच दिवस याच ओसरीवर होते, पातळ कण्या पीत. उठून बसता यायला लागल्यावर त्यांनी पाळकसाहेबांना सांगितलं. त्यांची बायको गोजरबाई बाळंतपणात तळमळून गेली होती. त्यांनी पाहिलं होतं. देवालाही असं दुखलं असेल, हा विचार त्यांना सोसेना. पुढं जत्रेत कोणीतरी भेटला आणि म्हणाला, देवाला दुखत नसतं, दुखणं सगळं खोटंच. ते त्यांना औषधासारखं वाटलं. तेच ते गावोगाव वाटत सुटले.

पाळकसाहेब अंत्युखियाला गेले नाहीत. एवढंच म्हणाले, "पुंजाजी, ज्याला दुखलं नाही तो आपल्या दुखण्यात येणार कसा? आणि जो खरंच मेला नाही, तो गोजरबाईंना उठवणार कसा? तो देव आहे, म्हणून त्याला उठवता येतं. तो माणूस झाला, म्हणून तो आपल्यापर्यंत पोचतो. यातलं एकही काढू नका. काढलं की आपण एकटे पडतो."

बुलढाण्याच्या पाहुण्यांनो, हे बरोबर आहे की नाही ते तुम्ही जाणता. मी मारुतीचा भक्त. या शिकवणीवर सही करायला मी उभा नाही. पण इतके बुधवार ऐकून मला जे कळलं नव्हतं, ते त्या दिवशी ओवा हातात धरून कळलं, की हा माणूस इतकी बारीक निवड का करत होता. शब्द चुकला की कोणाच्या तरी घरची चूल विझते, म्हणून.

पुंजाजी आता मेहकरकडे असतात. पाळकसाहेबांनी शिकवून तयार केलं, आता तिकडच्या मंडळीत पेटी वाजवतात. कानात काही सांगत नाहीत; जे सांगायचं ते बाजारात उभं राहून सांगतात.

एकदा मी पाळकसाहेबांना विचारलं, "साहेब, तुमच्या एवढ्या बुधवारांनी जे झालं नाही, ते एका पोटदुखीनं केलं. वाईट नाही वाटत?" ते म्हणाले, "वाटतं. पण वच्छलाबाई कोणत्या तरी बुधवारी जाग्या असणार ना!"

अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहताहेत. पाळकसाहेबांची बुलढाण्याची गाडी फाट्यावर यायची वेळ झाली, हे मलाही दिसतंय. पुष्पाबाईंनी पेट्या बांधल्यात. तेव्हा आवरतं घेतो. आपण मला, परक्या देवळाच्या माणसाला, इथं उभं केलंत, शांतपणे ऐकून घेतलंत, याबद्दल मंडळीचा, पाहुण्यांचा आणि जागे राहिल्याबद्दल कडूबांचा मी ऋणी आहे.

माझ्या बोलण्यात शास्त्राच्या चुका झाल्या असतील. नक्कीच झाल्या असतील. त्या पोटात घाला, असं मी म्हणणार नाही. पाळकसाहेबांनी त्या मला समजावून सांगाव्यात, अगदी अंत्युखियापासून. मला समजायला वेळ लागतो हे त्यांना माहीत आहे. त्यात आजची गाडी गेली, तर जाऊ द्यावी. उद्याही एक असते.